रिग्मोरनं मागे ठेवलेली खिडकी

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. मी म्हणते, त्यापेक्षा राहत्या इमारतीला रंग काढून पाहावा. लग्नातली माणसं निदान चार दिवसांनी आपापल्या घरी जातात. इथं कुणीच कुठं जात नाही. तुम्ही आत जेवताय, बाहेर कुणीतरी तुमची भिंत खरवडतंय, चहाकॉफीत गिलाव्याची धूळ पडतेय आणि सोसायटीचा अध्यक्ष जिन्यात रोज नवी नोटीस लावतोय.

आमची सोसायटी ऑर्हूस शहरात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. मी तळमजल्यावर राहते. अध्यक्ष हेनिंग दुसऱ्या मजल्यावर. तो भूगोलाचा मास्तर होता आणि निवृत्त झाल्यापासून त्याला शिकवायला आम्हीच उरलोय. रंग कोणता द्यायचा यावर सर्वसाधारण सभा इतकी रंगली की बिअर संपली तरी एकमत होईना. निम्म्यांना राखाडी हवा होता, निम्म्यांना पिवळा, आणि कोपऱ्यातल्या दोघांना काहीच नको होतं, पण ते त्यांना दरवर्षीच नको असतं. शेवटी मागच्या बाकावर बसलेली एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई उठली. तिच्या तोंडात न पेटवलेली चिरूट होती.

"पिवळा द्या," ती म्हणाली. "राखाडी दिलात तर नोव्हेंबरात एकमेकांचे गळे धराल."

"आपण कोण?" हेनिंगनं विचारलं.

"मी रंगारी. मला उद्या सकाळी लवकर उठायचंय, म्हणून म्हटलं आटपा."

पिवळा मंजूर झाला. ही रिग्मोर टोफ्ट.

ती तेव्हा साठीला टेकली होती. जन्म पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातला, बाप बोटींचे तळ रंगवायचा. शाळा संपल्यावर ती गावातल्या रंगाऱ्याकडे काम शिकायला गेली. तो म्हणाला, पोरींना उंचीची भीती वाटते. रिग्मोर त्याच्याच शिडीवरून त्याच्याच घराच्या छपरावर चढून बसली आणि खाली येईना. दुपारी त्याच्या बायकोनं वर जेवण पोचवलं. संध्याकाळी त्यानं तिला कामावर घेतलं, कारण शेजारी हसायला लागले होते. ही गोष्ट तिनंच मला सांगितली, तेव्हा थोडी मीठमिरची असणार, पण शिडीवर तिला बघितल्यावर मी सगळी खरी मानली. दोन नवरे झाले. "दोघंही सज्जन होते गं बोडिल," ती मला म्हणाली, "मीच कधी घरी नसायचे. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या घरात गेलं."

आणि दुसऱ्यांच्या घरात कसं वागायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. परांची बांधली की रंगारी लोकांच्या झोपायच्या खोल्यांसमोरून हिंडायला लागतात. आधीच्या वेळचे रंगारी सरळ आत डोकावायचे, एकानं तर काचेतून माझ्या टीव्हीवरचा फुटबॉलचा सामना संपेपर्यंत पाहिला होता. रिग्मोर प्रत्येक खिडकीशी आली की बोटाच्या पेरानं काच वाजवायची आणि लगेच पाठ फिरवून उभी राहायची. आतून हाक आल्याशिवाय वळायची नाही. तिच्या हाताखालच्या लोकांनाही तोच नियम होता. माझ्या स्वयंपाकघराची काच पहिल्यांदा वाजली तेव्हा मी रात्रीच्या झग्यात, घमेल्यात पाय बुडवून बसले होते.

"कोण आहे?" मी ओरडले.

"रंग!" बाहेरून आवाज आला. "पाय भिजवत असशील तर भिजव, मी इथंच चिरूट ओढते."

"तुला कसं कळलं?"

"मी बघितलं नाही. पाणी ओतल्याचा आवाज आला."

मी तिला आवरून झाल्यावर हाक मारली, खिडकीतूनच कॉफी दिली, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं. मला माणसं सहसा जमत नाहीत. माझ्या बहिणीलाही हे मान्य आहे.

आता काम कसं असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुना गिलावा खरवडायचा, पाण्याच्या जोरानं भिंत धुवायची, भेगा भरायच्या आणि मग रंगाचे हात द्यायचे. एवढं होईपर्यंत प्रत्येक खिडकी बाहेरून प्लास्टिकनं झाकून कडेनं चिकटपट्टीनं बंद करतात. काही आठवडे घरात उजेड दुधासारखा येतो आणि वारा अजिबात येत नाही. त्याची नोटीस हेनिंगनं आधीच लावली होती आणि प्रत्येक घरातून संमतीची सही घेतली होती. सगळ्यांनी सह्या दिल्या होत्या.

चौथ्या मजल्यावरच्या गुद्रुननंही दिली होती.

गुद्रुन आणि आयनार आमच्याकडे तीस-एक वर्षं राहत होते. आयनार बंदरातल्या टगबोटीवर इंजिन सांभाळायचा. मोठा गडगडाटी माणूस. तो हिवाळ्यापासून जिन्यात दिसत नव्हता. गुद्रुन दिसायची. "कसं काय?" आम्ही विचारायचो. "छान, आभारी आहे," ती म्हणायची. "आयनार?" "तोही छान." आणि आम्ही पुढे जायचो. आमच्याकडे माणसं अशीच असतात. आपण बरं की आपलं काम बरं. कुणी न बोलावता कुणाच्या दारात जात नाही, आणि गेलोच तर त्या घरावर फार मोठा अन्याय केला असं वाटून पुढं महिनाभर तोंड लपवतो. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो.

पुढचं मला नंतर रिग्मोर आणि गुद्रुनकडून कळलं. रिग्मोर प्लास्टिकची गुंडाळी घेऊन चौथ्या मजल्यावर पोचली आणि तिनं काच वाजवली. आतून हाक आली, "वळ की, मी काही नागडा नाही!" ती वळली. खिडकीला लागून दवाखान्यातली असते तशी वरखाली होणारी खाट होती आणि त्यावर आयनार पडला होता. निम्माही उरला नव्हता. त्यानं हात लांब करून कडी काढली आणि झडप बाहेर ढकलली.

"झाक बाई, झाक," तो म्हणाला. "सोसायटीचं काम आहे. मला काय, मी बंदर खूप बघितलंय."

"किती दिवस आहेस?" रिग्मोरनं विचारलं. तिला आडून विचारता यायचं नाही.

"डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघेल. डॉक्टरांनी कधी टगबोट चालवलेली नाही."

तेवढ्यात गुद्रुन बाजारातून आली. परांचीवर उभी असलेली बाई आणि उघडी खिडकी बघून ती आधी गोंधळली, मग तिनं घाईघाईनं सांगितलं की कुणाला बोलू नकोस, लोकांना उगाच त्रास नको, आम्हाला घरीच राहायचंय, परिचारिका येते, सगळं ठीक चाललंय. रिग्मोरनं मान डोलावली. मग गुद्रुननं आवाज खाली आणून विचारलं, "एवढंच सांग, हे प्लास्टिक आतून फाडता येतं का? म्हणजे, वेळ आली तर? मी त्याला शब्द दिलाय."

माणूस गेला की आमच्याकडे खिडकी उघडतात. देवळात न जाणारेही उघडतात. आत्म्याला वाट लागते असं जुनी माणसं सांगायची. आम्ही कुणी तसं मानत नाही आणि न उघडता राहतही नाही. गुद्रुनच्या आईनं तिच्या बापासाठी उघडली होती. आता गुद्रुनला रात्रंदिवस एकच घोर लागला होता, की नेमकं त्या वेळी खिडकी बाहेरून बंद असेल. आणि ही गोष्ट सहीच्या वेळी हेनिंगला सांगायची तिला लाज वाटली होती. सगळ्या सोसायटीचं काम, त्यात आपलं एकटीचं काय काढायचं?

रिग्मोरनं प्लास्टिकची गुंडाळी काखेत मारली आणि खाली उतरली. ती खिडकी झाकली गेली नाही.

पण नुसती एक खिडकी सोडून भागत नाही. भिंतीचा रंग एका दमात, ओल्यावर ओला द्यावा लागतो. मध्येच तुकडा ठेवला आणि नंतर भरला, तर त्या जागी कायमचा ठिगळासारखा डाग दिसतो. आणि आपल्या कामात सांधा दिसणं रिग्मोरला चारचौघांत शिंकरण्यापेक्षा वाईट वाटायचं. तिनं तोड काढली. भिंतीवरून खाली येणाऱ्या पन्हाळीच्या दोन पाइपांच्या मधली सगळी पट्टी, वरपासून खालपर्यंत, तिनं मागे ठेवली. सांधा पाइपाच्या मागे लपणार होता. त्या पट्टीत हेनिंगचीही खिडकी होती आणि माझीही.

आठवड्याभरात बाकी इमारत पिवळी व्हायला लागली आणि हेनिंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी अंगणात कचरा टाकायला गेले होते. रंगारी काळा पाव आणि लिव्हरची चटणी खात बसले होते.

"मधली पट्टी का सोडलीस?" हेनिंगनं विचारलं.

"शेवटी करणार."

"कारण?"

"आहे एक."

"रिग्मोर, परांचीचं भाडं रोज चढतंय! सभेला मी काय उत्तर देऊ? मी अध्यक्ष आहे."

"अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलतो, हेनिंग. रंग वीस वर्षं राहतो. पाव खाणार?"

"मला पाव नको, कारण हवंय! नाहीतर उद्या दुसरा रंगारी बोलावतो."

रिग्मोरनं चाकू पुसला आणि घडी करून खिशात टाकला. मला वाटलं, आता ही सगळं सांगून मोकळी होणार. तिनं दिलेला शब्द मोडला नाही.

"तुझ्या डोक्यावर एक मजला सोडून कोण राहतं?"

"आयनार आणि गुद्रुन."

"त्यांच्या घरात शेवटचा कधी गेला होतास?"

हेनिंग आठवायला लागला. मी बघत होते, बिचारा खरंच आठवत होता. "गेलो नाही कधी," तो म्हणाला.

"मग जा. दार वाजव."

"कशासाठी?"

"कॉफीसाठी."

"न बोलावता?" त्याचा चेहरा असा झाला की जणू तिनं त्याला भर रस्त्यात चड्डीवर नाचायला सांगितलंय.

"न बोलावता. मी रोज पन्नास खिडक्या वाजवते, अजून कुणी मला खाल्लं नाही. बोडिल, तूही जा त्याच्याबरोबर, नाहीतर हा पहिल्या मजल्यावरून परत येईल."

आम्ही गेलो. मी हातातली कचऱ्याची बादली ठेवायलाही विसरले. गुद्रुननं दार उघडलं. हेनिंग ताकाला गेलेल्या माणसासारखा भांडं लपवत उभा राहिला, मग एकदम म्हणाला, "गुद्रुन, मला कॉफी मिळेल का?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे, मग बादलीकडे. आणि बाजूला झाली.

"या या, अध्यक्ष!" आतून आयनारचा आवाज आला. आवाज मात्र त्याचाच उरला होता. "नोटीस घेऊन आलास की काय? मी जागा खाली करतोच आहे, थोडी मुदत दे!"

हेनिंग खाटेशेजारच्या खुर्चीवर बसला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला. मग त्यानं विचारलं, "इथून कोणता धक्का दिसतो रे?" आयनारनं दाखवलं. मग दोघं भरतीओहोटी, गाळ आणि जुन्या धक्क्यांवर असे बोलत बसले की कॉफी दोनदा गार झाली. मी स्वयंपाकघरात गुद्रुनला म्हटलं, "अगं, सांगायचं नाहीस का?" ती म्हणाली, "तुम्ही विचारायचं नाहीत का?" मी तिचे कप विसळायला घेतले, आणि मला दुसऱ्याचे कप विसळताना सोसायटीत कुणी पाहिलेलं नाही.

खाली आल्यावर हेनिंगनं जिन्यातली जुनी नोटीस काढली आणि नवी लावली. "मधल्या पट्टीचं काम शेवटी होईल." कारण लिहिलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी, गुद्रुनला विचारून, तो स्वतः घरोघरी गेला आणि दारं वाजवून सांगून आला. लोक भाडं विसरले. पहिल्या मजल्यावरची मंडळी माशाचे वडे घेऊन वर गेली, कोपऱ्यातल्या त्या दोघांनी, ज्यांना काहीच नको असतं, आयनारला स्वतःची दुर्बीण दिली. हे सगळं एका बाईनं घडवलं, आणि तेही भिंतीचा एक तुकडा न रंगवून. मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "चल, मला भेगांत लांबी भरायचीय."

जुलै गेला, ऑगस्ट आला. बाकीची परांची उतरली आणि फक्त आमच्या पट्टीपुढे राहिली. इमारत पिवळी धमक आणि मध्ये एक मळकट पट्टा. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. आयनार जातच नव्हता. त्याला त्याची मजा वाटायला लागली होती.

"सगळी इमारत माझ्या मरणासाठी ताटकळलीय," तो रिग्मोरला म्हणाला, "आणि मला काही घाई नाही. लाज वाटते बाई."

"वाटू दे. आयुष्यात एकदा तरी वाटायला हवी."

"एक काम कर. ही खिडकी रंगव. इतका छान पिवळा रंग काढलात, आणि मी असल्या पोपडे निघालेल्या खिडकीतून बाहेर पडू? लोक काय म्हणतील?"

रिग्मोरनं क्षणभर विचार केला. यंत्रानं खरवडलं असतं तर खाटेपर्यंत धूळ आणि आवाज गेला असता. तिनं सगळं हातानं केलं. खरवडायच्या पत्र्यानं हलके हलके जुने पोपडे काढले, काचपेपर मारला, अस्तर दिलं. आयनारच्या अंगावर तिनं स्वच्छ चादर घातली आणि तो चादरीतून डोकं बाहेर काढून मुकादमगिरी करायचा. "तो कोपरा राहिला." "दिसतोय मला." "दिसतोय तर घे की." रंगातल्या जवसाच्या तेलाचा वास खोलीत भरला की तो डोळे मिटायचा. वसंतात बोट रंगवताना असाच वास यायचा म्हणे. गुद्रुननं मला सांगितलं की त्या दिवसांत तो दुखण्याचं औषध मागायला विसरायचा. औषध बरोबर काम करत असेल, मला कळत नाही, पण श्रेय मी रिग्मोरलाच देते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तिनं शेवटचा हात दिला. रंग ओला असताना झडप लावली तर चौकटीला चिकटून बसते, म्हणून तिनं ती उघडी ठेवून खाली लाकडी पाचर अडकवली. "वाळेपर्यंत हात लावायचा नाही," तिनं दोघांना दम दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताजे पाव घेऊन वर गेले. गुद्रुन खाटेशी बसली होती, आयनारचा हात तिच्या हातात होता. मी दारातच थांबले. त्यानं एक श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही. किती शांतपणे होतं हे सगळं. मी आत येऊन पाव टेबलावर ठेवले. मग गुद्रुनला एकदम आठवण झाली, ती दचकून उठली आणि हात पुढे करून खिडकीकडे धावली.

खिडकी उघडी होती. बाहेरून बंदराचा वारा येत होता.

ती तिथं हात तसाच पुढे ठेवून उभी राहिली. खाली रंगाऱ्यांचा रेडिओ लागला होता. "रिग्मोर," तिनं हाक मारली, आणि हाक ऐकून रेडिओ बंद झाला. रिग्मोर शिडीनं वर आली, खिडकीशी पोचली, आणि सवयीनं पाठ फिरवायला लागली. "ये," गुद्रुन म्हणाली. मग तिनं वळून पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

हेनिंगनं अंगणातला झेंडा अर्ध्यावर आणला. दफन झालं त्या दुपारी, रिवाजाप्रमाणे, त्यानंच तो पुन्हा टोकापर्यंत चढवला. मधल्या दिवसांत रिग्मोरच्या लोकांनी पट्टी रंगवून टाकली. सांधा कुठं आहे ते मी पाइपाच्या मागे मान घालून शोधलं, मला सापडला नाही.

पण ती खिडकी उघडीच होती. रंग कधीच वाळला होता. थंडी पडायला लागली होती, आणि घरं तापवण्याचं बिल आम्ही सगळे मिळून भरतो. हेनिंग रोज वर बघायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. गुद्रुन अंगात कोट घालून घरात बसायची.

परांची काढायच्या आदल्या दिवशी रिग्मोर जिन्यानं वर आली. मी तिथंच होते. त्या घरात ती पहिल्यांदाच दारातून आली. आम्ही तिघींनी कॉफी घेतली. मग तिनं विचारलं, "लावू का आता?"

गुद्रुननं कप खाली ठेवला. "तो बाहेर पडला असेल ना गं?"

रिग्मोर देवाला मानत नव्हती, सैतानालाही नाही. ती उठून खिडकीशी गेली, बाहेर बंदराकडे बघितलं.

"आठवडाभर उघडीय, गुद्रुन," ती म्हणाली. "आयनार सावकाश निघणारा होता, पण इतकाही नाही."

गुद्रुन हसली. आयनार गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडायला लागली. रिग्मोरनं पाचर काढली आणि झडप ओढून घेतली. ती कुठंही न अडकता लागली.